बापाची हाडं वेचण्याचा दिवस

सणासुदीच्या दिवसांत माणसाने आपल्या आईबापांची हाडं वेचावीत की नाही? इ.स.च्या दुसऱ्या शतकातल्या दोन ज्यू धर्मपंडितांचं या प्रश्नावर एकमत होईना. वल्हांडण आणि मंडपांचा सण हे आठवडाभर चालणारे सण. त्यांच्या मधल्या दिवसांत अडलेली कामं करायला मुभा असे, पण सणाच्या आनंदावर विरजण पडेल असं काही करायचं नसे. रब्बी मेइर म्हणाले, खुशाल वेचावीत, मुलासाठी तो आनंदाचाच प्रसंग आहे. रब्बी योसे म्हणाले, छे, तो तर शोकाचा दिवस. इ.स. 200च्या सुमारास ज्यूंचे तोंडी चालत आलेले नियम ‘मिश्ना’ या ग्रंथात एकत्र केले गेले, तेव्हा दोघांचीही मतं शेजारी शेजारी नोंदवली गेली.

आपल्याकडे दहनानंतर अस्थी वेचतात त्या दोन-तीन दिवसांत, आणि नदीत सोडून मोकळे होतात. जेरुसलेमच्या परिसरात या कामासाठी साधारण वर्ष जाऊ द्यायचे. खडकात कोरलेल्या कबरीत प्रेत ठेवायचं, मांस गळून जाईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा आत शिरून हाडं वेचायची आणि दगडाच्या लहान पेटीत भरून ठेवायची. हा विधी करायचा याबद्दल मेइर आणि योसे यांच्यात वाद नव्हता. त्याचा अर्थ काय, एवढ्यावरच त्यांचं अडलं होतं. प्राचीन ज्यूंच्या अंत्यविधींचा सगळा इतिहास या एका वादात दिसतो. हातांनी करायचं काम शतकानुशतकं जवळपास तेच राहिलं. ते कशासाठी करायचं, याची उत्तरं मात्र बदलत गेली.

वाडवडिलांत जाऊन मिळणं

अब्राहामाने कनान देशात विकत घेतलेली पहिली जमीन थडग्यासाठी होती. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात हा व्यवहार तपशीलवार आला आहे. सारा हेब्रोनात वारते. परदेशी अब्राहाम गावच्या वेशीपाशी पंचांसमोर उभा राहून मकपेलाची गुहा मागतो. मालक एफ्रोन हित्ती आधी ‘तशीच घ्या’ म्हणतो आणि बोलता बोलता किंमतही सुचवून जातो: 400 शेकेल चांदी. अब्राहाम घासाघीस न करता चांदी तोलून देतो, कारण त्याला उपकाराची जागा नको, हक्काची हवी आहे. पुढे त्याच गुहेत तो स्वतः, इसहाक, रिबेका, लेआ आणि याकोब विसावल्याचं बायबल सांगतं. याकोब मिसरात मरण पावतो, तरी त्याचं शव मसाले भरून हेब्रोनला आणलं जातं. योसेफाची हाडं तर मोशे मिसरातून निघताना बरोबर घेतो, आणि ती शेवटी शखेमात पुरली जातात.

या कथांचा काळ ठरवणं अवघड आहे. पण त्यांतली कुटुंबाच्या कबरीची कल्पना जमिनीखाली पुराव्यासकट सापडते. इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांत यहूदा राज्यातल्या सधन घराण्यांनी डोंगरउतारांवर खोल्या कोरल्या. मध्ये उभं राहण्यापुरती जागा, तिन्ही बाजूंना कमरेइतके दगडी ओटे, ओट्यांवर प्रेतं. पुढच्या पिढीतलं कोणी गेलं, की आधीच्याची हाडं ओट्याखालच्या खड्ड्यात सरकवायची आणि जागा मोकळी करायची. आजोबा, पणजोबा, काकू, लहान पोरं अशा सगळ्यांची हाडं एकाच खड्ड्यात. बायबलमधला माणूस मेल्यावर ‘आपल्या पूर्वजांस मिळाला’ असं म्हणतात, ते या कबरींमध्ये शब्दशः खरं होतं.

1979 मध्ये गाब्रिएल बारकाई हे पुरातत्त्वज्ञ जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या नैर्ऋत्येला, हिन्नोम खोऱ्याच्या वरच्या कड्यावर अशा कबरी उकरत होते. जागेचं नाव केतेफ हिन्नोम. बहुतेक कबरी पूर्वीच लुटल्या गेल्या होत्या. मदतीला शाळकरी मुलं होती, आणि त्यांतल्या एका वळवळ्या मुलाला बारकाईंनी एका खड्ड्याची साफसफाई करायला धाडलं, जेणेकरून तो कामाच्या आड येणार नाही. मुलगा कंटाळला आणि हातोडीने जमीन ठोकत बसला. जमीन फुटली. ती जमीन नव्हतीच, छताचा कोसळलेला पापुद्रा होता. त्याच्यामुळे चोरांना खड्डा रिकामा वाटला आणि खालचं सगळं जागच्या जागी राहिलं: मातीची भांडी, दिवे, दागिने, बाणांची टोकं आणि नव्वदहून अधिक माणसांची हाडं.

त्याच ढिगात चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन बारीक सुरळ्या होत्या. गळ्यात ताईत म्हणून बांधायच्या. इतक्या ठिसूळ, की इस्रायल म्युझियमच्या प्रयोगशाळेत त्या उलगडण्याचं तंत्र शोधण्यातच वर्षं गेली. मोठी सुरळी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर लांब भरली, लहान चारही नाही. आतल्या पृष्ठावर सुईने ओरखडल्यासारखी जुनी हिब्रू अक्षरं होती, आणि त्यांत बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला याजकांचा आशीर्वाद होता. देव तुझं रक्षण करो, अशा अर्थाचा. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीचा किंवा सहाव्याच्या आरंभीचा हा मजकूर मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांपेक्षा सुमारे चारशे वर्षं जुना आहे. बायबलमधल्या ओळींचा आज हाती असलेला हा सर्वांत जुना लेख. जिवंतपणी अंगावर बाळगलेलं संरक्षण मेल्यावरही काढून घेतलं नव्हतं.

अधोलोक: बक्षीस नाही, शिक्षा नाही

या काळातल्या माणसाला मेल्यावर कुठे जाणार असं विचारलं असतं, तर उत्तर ‘खाली’ एवढंच मिळालं असतं. हिब्रू बायबलमधला अधोलोक म्हणजे जमिनीच्या पोटातली अंधारी, धुळीची, मुकी जागा. राजा आणि गुलाम, सज्जन आणि दुर्जन, सगळे तिथेच. तिथे कर्माचा हिशेब होत नाही आणि देवाची स्तुतीही होत नाही. देवाने द्यायचं ते याच जगात द्यायचं: दीर्घायुष्य, पीकपाणी, पोरंबाळं. म्हातारपणी, मुलंनातवंडं भोवती असताना मेलेला माणूस कृतार्थ. तरुणपणी, निपुत्रिक किंवा न पुरलेला मेलेला माणूस दुर्दैवी.

अधोलोकातले जीव मात्र अगदीच निघून गेलेले नसत. शौल राजाची गोष्ट हेच सांगते. भुतं बोलावणाऱ्यांना त्याने स्वतःच देशाबाहेर हाकललं होतं. पण पलिष्ट्यांशी लढाईच्या आदल्या रात्री घाबरून तो वेष पालटून एन-दोरच्या एका बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर बोलवायला सांगतो. झगा पांघरलेला म्हातारा जमिनीतून वर येतो, झोपमोड केल्याबद्दल चिडतो, आणि उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याजवळ असाल असं सांगून जातो. कथा लिहिणाऱ्याला हा प्रकार खोटा वाटत नव्हता, निषिद्ध वाटत होता. मृतांना प्रश्न विचारू नयेत, त्यांच्यासाठी अंगावर वार करून घेऊ नयेत, देवाच्या वाट्याच्या धान्यातलं काही मेलेल्यांना देऊ नये, असे नियम बायबलमध्ये आहेत. लोक असं करत नसते, तर मनाई करावी लागली नसती. यहूदातल्या कबरींमध्ये सापडणाऱ्या वाट्या, सुरया आणि दिवेही तेच सांगतात.

मरणाचा दिवस

प्रेत रात्रभर ठेवायचं नाही हा दंडक जुना आहे. देहदंड देऊन खांबावर टांगलेल्या गुन्हेगाराचं शवसुद्धा त्याच दिवशी पुरावं, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात आहे. गुन्हेगाराला जर हा हक्क, तर इतरांना तो असायलाच हवा, असा पुढच्या पंडितांचा तर्क. ज्यू प्रेत जाळत नाहीत, पुरतात, ही गोष्ट रोमन इतिहासकार टॅसिटसलाही नोंदवावीशी वाटली. त्याच्या रोममध्ये त्या काळी दहन रूढ होतं.

मिश्ना आणि तिच्यावर पुढे झालेल्या चर्चांचे तालमूद ग्रंथ यांतून हा दिवस बराच स्पष्ट उभा राहतो. प्राण जात असताना डोळे मिटायचे नाहीत. तशाने मरण घाईने ओढवल्यासारखं होतं. गेल्यावर डोळे मिटायचे, जबडा बांधायचा, अंगाला तेल लावून आंघोळ घालायची. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशीही डोळे मिटण्याखेरीज एवढं करता येई, फक्त अवयव हलवायचा नाही. जवळच्या नातेवाइकांनी अंगावरचं वस्त्र फाडायचं. तिरडीपुढे बासरीवाले आणि रडणाऱ्या बाया. इस्रायलातल्या सर्वांत गरीब माणसानेही बायकोच्या अंत्ययात्रेला निदान दोन बासऱ्या आणि एक रडणारी लावावी, असं मिश्ना बजावते. मुलगी वारलेल्या याइराच्या घरी येशू पोचतो तेव्हा दारात बासरीवाले आणि गलबला असल्याचं मत्तय सांगतो, ते याच रिवाजाला धरून.

पुरल्यावर तीन दिवस कबरीवर जाऊन पाहायचं, चुकून जिवंत माणूस तर आत गेला नाही ना! असा एक जण सापडला आणि पुढे पंचवीस वर्षं जगला, असा दाखलाही दिलेला आहे. जीव तीन दिवस देहाभोवती घोटाळतो आणि चेहरा बदलू लागला की निघून जातो, अशी समजूत रब्बींच्या वाङ्मयात येते. येशूने पुन्हा उठवलेल्या लाजराला कबरीत चार दिवस झाले होते, असं योहानाच्या शुभवर्तमानात मुद्दाम का सांगितलंय, ते यावरून उमगतं. आता आशेला जागा उरली नव्हती.

घरी परतल्यावर पहिलं जेवण स्वतःच्या घरचं खायचं नाही, शेजाऱ्यांनी आणायचं. त्यात मसूर असे. मसुराला तोंड नसतं, तसं शोक करणाऱ्यालाही बोलायला तोंड उरत नाही, असं त्याचं कारण सांगितलं जाई. त्यानंतर सात दिवस घरात बसायचं, तीस दिवस हलका शोक पाळायचा, आईबापांसाठी वर्षभर.

या सगळ्यावर विटाळाची छाया असे. प्रेताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी लाल कालवडीच्या राखेचं पाणी शिंपडून तो शुद्ध व्हायचा. याजकांनी जवळचे नातेवाईक सोडून कोणाच्याही प्रेताजवळ जायचं नाही; महायाजकाला तर आईबापांच्या प्रेतापाशी जायलाही बंदी. म्हणून कबरी गावापासून 50 हात दूर. पावसाने पुसट झालेल्या कबरींच्या खुणा दर वर्षी ज्यू पंचांगातल्या अदार महिन्यात, यात्रेकरू यायच्या आधी, चुन्याने पुन्हा करत. तरीही बेवारस प्रेत दिसलं, तर विटाळाची पर्वा न करता ते पुरणं हे मोठं पुण्य. तोबीतच्या कथेतला नायक निनवेत ताटावरून उठून रस्त्यात पडलेलं प्रेत पुरायला धावतो.

दगडाची पेटी

हेरोद राजाने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमचं मंदिर नव्याने बांधायला घेतलं, त्याच सुमारास शहराभोवतीच्या कबरींचं रूपही पालटलं. शहराच्या आसपास या काळातल्या 900हून अधिक खडककोरीव कबरी नोंदल्या गेल्या आहेत. बुटक्या दारातून वाकून आत शिरायचं. मधल्या चौकोनी खोलीच्या भिंतींत खोल, अरुंद कप्पे कोरलेले. एकेक साधारण दोन मीटर खोल आणि अर्धा मीटर रुंद. डोकं किंवा पाय पुढे करून प्रेत आत सरकवायचं. मिश्नेत या कप्प्यांची मापं दिली आहेत: चार हात लांब, सहा मुठी रुंद, सात मुठी उंच. दारावर बहुधा चौकोनी दगडाचं बूच. चित्रांत दिसणारी गोल, चाकासारखी शिळा प्रत्यक्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच श्रीमंत कबरींना होती. त्यांतली एक आदियाबेनेच्या हेलेना राणीची. मेसोपोटेमियाच्या उत्तरेकडची ही राणी ज्यू झाली आणि जेरुसलेममध्ये तिने घराण्यासाठी भव्य कबर बांधली.

वर्षभराने कप्प्यातली हाडं वेचून पेटीत ठेवायची. पेटी मऊ चुनखडीच्या एकाच दगडातून पोखरलेली. लांबी किती? तर मांडीचं हाड मावेल इतकी, म्हणजे साधारण साठ सेंटिमीटर. दर्शनी बाजूवर कर्कटकाने वर्तुळ काढून कोरलेली सहा पाकळ्यांची फुलं. इतकं नीटस कोरीव काम, आणि त्यावर नाव मात्र खिळ्याने किंवा कोळशाने कसंबसं ओरखडलेलं, वाकडंतिकडं, कधी फुलाच्या नक्षीवरूनच. कारण कोरीव काम कारागिराने दुकानात केलेलं; नाव नातेवाइकाने कबरीतल्या दिव्याच्या उजेडात, हाडं भरताना लिहिलेलं. एल. वाय. राहमानी यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत अशा 897 पेट्या आहेत, आणि साधारण चौथ्या हिश्शावर लेख आहेत. एकीवर ‘मंदिर बांधणारा शिमोन’. दुसरीवर, ग्रीकमध्ये, मंदिराची दारं करवून देणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या निकानोरची ओळख.

1968 मध्ये शहराच्या उत्तरेला गिवात हामिवतार इथे सापडलेल्या एका पेटीवर येहोहानान हे नाव आहे. आत एका पंचविशीतल्या पुरुषाची हाडं होती. त्यांतल्या उजव्या टाचेच्या हाडातून साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा आरपार गेलेला, टोक वाकलेलं. ते बहुधा लाकडातल्या गाठीवर आदळून वाकलं असावं, त्यामुळे खिळा उपसता आला नाही आणि हाडासकट तसाच पेटीत आला. रोमनांनी क्रुसावर हजारो माणसं मारली, पण अशा शिक्षेचा इतका सरळ पुरावा तोवर जमिनीतून वर आला नव्हता. इथे त्याहून लक्षात घ्यायचं ते वेगळंच. क्रुसावर मेलेला हा माणूस उघड्यावर सडला नाही. घरच्यांनी त्याला नेलं, कप्प्यात ठेवलं, वर्षाने हाडं वेचली, पेटीत भरली आणि नाव घातलं. टांगलेल्या माणसालाही पुरा, हा नियम कागदावरच राहिला नव्हता.

मेलेले उठतील का?

एकाच खड्ड्यात सगळ्यांची हाडं ढकलणारे लोक माणसागणिक वेगळी पेटी का करू लागले? सोपं उत्तर असं दिलं जायचं, की याच काळात पुनरुत्थानावरची श्रद्धा बळावली होती. माणूस आपल्या हाडांनिशी उठणार असेल, तर हाडांची सरमिसळ कशी चालेल?

श्रद्धा बदलली होती हे खरं. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबिलोनच्या बंदिवासात यहेज्केलाने सुक्या हाडांनी भरलेलं खोरं पाहिलं. हाडाला हाड जुळतं, त्यावर मांस चढतं. ते दृश्य उद्ध्वस्त राष्ट्र पुन्हा उभं राहण्याचं होतं. इ.स.पू. 180च्या सुमारास जेरुसलेमचा शहाणा बेन सिरा अजून जुनंच सांगत होता: लोक नावं ठेवू नयेत म्हणून एक-दोन दिवस रडून घे, मग सावर, गेलेला परत येत नाही. पंधराएक वर्षं उलटली आणि चित्र पालटलं. इ.स.पू. 167 मध्ये अंतियोखस चौथा या ग्रीक राजाने ज्यू धर्मावर बंदी घातली. जुन्या हिशेबाने देवाची आज्ञा पाळणारा दीर्घायुषी व्हायचा. आता आज्ञा पाळणाराच तरुणपणी हालहाल होऊन मरत होता. हा हिशेब या जगात जुळेना, म्हणून तो पुढच्या जगात गेला. त्याच काळात रचल्या गेलेल्या दानीएलाच्या बाराव्या अध्यायात धुळीत झोपलेले पुष्कळ जण जागे होतील, काही अनंत जीवनाला, काही अनंत लाजेला, असं स्पष्ट येतं. मक्काब्यांच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांच्या छळाची कथा आहे. त्यांतला तिसरा जल्लादापुढे हात पसरतो: हे देवाने दिले, त्याच्याकडूनच ते परत मिळतील.

पण ही श्रद्धा सगळ्यांनी मानली नाही. इ.स.च्या पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस तीन पंथांची तीन मतं देतो. परूशी म्हणत, आत्मा अमर आहे आणि त्याला फळ मिळतं. सदूकी म्हणत, देहाबरोबर आत्माही संपतो. एसेनी म्हणत, देह ही कैद, सुटलेला सज्जन आत्मा महासागरापलीकडच्या सुखाच्या प्रदेशात जातो. येशूचा प्रचारक पौल याला जेरुसलेमच्या न्यायसभेपुढे उभं केलं, तेव्हा ‘मेलेल्यांच्या उठण्याच्या आशेमुळे माझा न्याय होतोय’ असं म्हणून त्याने परूशी आणि सदूकी यांनाच आपसांत भिडवलं, असं प्रेषितांची कृत्ये सांगतात.

आता 1990 मध्ये जेरुसलेमच्या दक्षिणेला बांधकाम चालू असताना उघडी पडलेली कबर पाहा. आत बारा पेट्या. सर्वांत देखण्या पेटीवर फुलांची दोन मोठी वर्तुळं आणि कडेला खरडलेलं नाव: येहोसेफ बार कयफा. आत सहा जणांची हाडं, त्यांतला एक साठीचा पुरुष. इ.स. 18 ते 36 महायाजक असलेला, येशूच्या खटल्यातला कयफा तो हाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. काहींना शंका आहे. तोच असो की त्याच्या घराण्यातला, ही मंडळी सदूकी वर्तुळातली. मेलेला उठत नाही असं मानणाऱ्या घरातही हाडं तितक्याच निगुतीने वेचलेली आहेत. त्याच कबरीतल्या दुसऱ्या पेटीत एका बाईच्या कवटीत हेरोद अग्रिप्पा पहिला याच्या काळातलं नाणं मिळालं. मेलेल्याच्या तोंडात नावाड्याचं भाडं ठेवायचा रिवाज ग्रीकांचा. तो महायाजकांच्या गोतावळ्यात कुठून आला, हा प्रश्न उरतोच.

म्हणजे पेट्यांमागे निव्वळ पुनरुत्थान नव्हतं. मंदिराच्या बांधकामामुळे शहरात पाथरवट मुबलक होते. रोममधले श्रीमंत लोक दहनानंतरची राख कोरीव पेटीत ठेवत. जेरुसलेमच्या उच्चभ्रूंनी दहन न करता पेटी तेवढी उचलली, असं जोडी मॅग्नेस या पुरातत्त्वज्ञ म्हणतात. आणि हे सगळं ज्यांना परवडायचं त्यांच्यापुरतं. बाकीची रयत जमिनीत साधा खड्डा खणून पुरली जायची, आणि त्या कबरींचा मागमूस बहुधा उरलेला नाही.

अर्थ लावणारे मात्र थांबले नाहीत. देह कुजून हाडं वेचायची वेळ आली म्हणजे आईबाप न्यायातून सुटले, असा खुलासा जेरुसलेमच्या तालमुदात आहे: त्या दिवशी मुलाने शोक करावा आणि दुसऱ्या दिवशी आनंद. दुष्टांचा न्याय बारा महिने चालतो हे रब्बी अकिवांचं मत, आणि देह सरेपर्यंत बारा महिने जीव खालीवर करतो ही बाबिलोनच्या तालमुदातली समजूत. दोन्ही मुदती हाडं वेचण्याच्या मुदतीशी जुळतात. रोमन सम्राट हेड्रियनने रब्बी येहोशुआ बेन हनन्या यांना विचारलं, देव माणसाला पुन्हा घडवणार कशापासून? रब्बी म्हणाले, मणक्यातल्या लूझ नावाच्या हाडापासून. कथा सांगते, ते हाड जात्यात दळलं गेलं नाही, आगीत जळलं नाही. ऐरणीवर ठेवून घण घातला तर ऐरणच फुटली.

हेरोदाची सोन्याची तिरडी, गमलिएलचं तागाचं वस्त्र

इ.स.पू. 4 मध्ये हेरोद वारला. रत्नजडित सोन्याच्या शय्येवर जांभळ्या वस्त्रांत त्याचं शव, मागे सुगंधी मसाले घेतलेले 500 सेवक, अशी अंत्ययात्रा हेरोदियमला गेली, असं जोसेफस लिहितो. एहुद नेत्झर यांना 2007 मध्ये त्या डोंगराच्या उतारावर त्याच्या समाधीचे अवशेष सापडले. सात दिवसांच्या शोकानंतर त्याच्या मुलाने लोकांना मोठं जेवण घातलं. त्यावर जोसेफस एक मार्मिक शेरा मारतो: या रिवाजापायी पुष्कळ ज्यू कंगाल होतात, कारण जेवण न घालणारा अधर्मी ठरतो.

तालमूदही हेच गाऱ्हाणं सांगतो. एके काळी प्रेत काढण्याचा खर्च मरणापेक्षा जड व्हायचा आणि नातेवाईक प्रेत टाकून पळून जायचे. तेव्हा रब्बान गमलिएल यांनी, पंडितांचे प्रमुख असूनही, आपल्याला साध्या तागाच्या वस्त्रात पुरायला लावलं आणि लोकांनी तोच पायंडा उचलला. श्रीमंताचा चेहरा उघडा ठेवायचे आणि उपासमारीने काळवंडलेला गरिबाचा झाकायचे. गरिबांना लाज वाटू नये म्हणून सगळ्यांचेच झाकायचं ठरलं. श्रीमंताला पलंगावरून आणि गरिबाला साध्या तिरडीवरून न्यायचे. सगळ्यांना तिरडीच ठरली. शोकघरी द्यायच्या मद्याचे प्याले दहावरून चौदावर गेले, लोक झिंगायला लागले, मग पुन्हा दहावर आणावे लागले.

स्वर्गनरकावरच्या शेकडो वचनांपेक्षा हा सुधारणेचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. मेल्यावर काय होतं हे पंडितांना ठरवता आलं नाही, पण मागे राहिलेल्याची फजिती होऊ नये एवढं त्यांनी ठरवलं आणि अमलात आणलं. धार्मिक ज्यू कुटुंबांत आजही श्रीमंत-गरीब सगळ्यांना तसल्याच साध्या पांढऱ्या, बिनखिशाच्या कफनात पुरतात.

बेथ शेआरीमचं दुहेरी बोलणं

इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेम आणि मंदिर जाळलं. शहरातल्या पाथरवटांचा धंदा बसला, पेट्यांचा रिवाज तिथून हटला आणि पुढे खेडोपाडी क्षीण होत गेला. मिश्नेचे संपादक येहुदा हानासी इ.स.च्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी वारले, तेव्हा त्यांना हैफाच्या आग्नेयेला, गालीलच्या बेथ शेआरीमला पुरलं. मरताना त्यांनी सांगितलं होतं, फार वस्त्रं नकोत आणि पेटीच्या तळाला भोक पाडा. देहाला माती लागली पाहिजे. त्यांच्या शेजारी जागा मिळावी म्हणून सोर, पाल्मिरा, अगदी येमेनच्या हिम्यारहूनही प्रेतं येऊ लागली. परमुलखात पुरलेल्यांचं काय, या चिंतेवरही रब्बींनी तोड काढली: शेवटच्या दिवशी सज्जन मृत जमिनीखालच्या बोगद्यांतून पवित्र भूमीपर्यंत येतील.

बेथ शेआरीममधल्या तीसहून अधिक भुयारी दफनगृहांत शेकडो लेख आहेत, बहुतेक ग्रीक. एकात मृताला पुनरुत्थानासाठी शुभेच्छा दिल्या आहेत. दुसऱ्यात त्याला धीर दिलाय: अमर कोणीच नसतं. दोन्ही एकाच दफनभूमीत, आणि कोणी कोणाचा लेख खोडलेला नाही.

काय उरलं

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की नौगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं तेव्हा पूर्वजांचे ग्रंथही समुद्रात गेले. वाहून आलेली प्रेतं नौगावला पुरली, आणि ते दफनस्थान समाज आजही मानतो. पुढची कित्येक शतकं त्यांच्याकडे ना मिश्ना होती ना तालमूद. शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना राहिली, आणि आजूबाजूला दहनाची चाल असताना त्यांनी आपले मृत पुरणंही सोडलं नाही.

ग्रंथ हरवले तरी रिवाज टिकतो, आणि ग्रंथ हाती असले तरी त्यांचे अर्थ लावण्यावर एकमत होत नाही. म्हणून एखाद्या समाजाची मरणोत्तर श्रद्धा फक्त त्याच्या पोथ्यांतून सांगणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवू नये. कयफाच्या घरच्यांची पोथी एक सांगत होती आणि त्यांची कबर दुसरंच. मेइर आणि योसे यांचा वाद मिश्नेने शेवटपर्यंत निकालात काढला नाही. मुलाने मात्र दोघांच्या काळातही वर्ष भरल्यावर कबरीत जाऊन बापाची हाडं वेचली.